टेक्सासच्या छोट्या गावातलं पब्लिक हायस्कूल: प्रवेश, क्रेडिट, रँक, डबा आणि बाकी सगळं

लबककर

पश्चिम टेक्सास आणि पॅनहँडल (राज्याचा उत्तरेकडचा पट्टा) इथल्या दोन-तीन हजार वस्तीच्या गावांत मराठी कुटुंबं येतात ती बहुधा नोकरीपायी. जे-१ वेव्हरवर (प्रशिक्षणाच्या व्हिसानंतर मायदेशी परतायची अट माफ करून घेऊन) तीन वर्षं ग्रामीण इस्पितळात काढणारे डॉक्टर, पवनचक्क्यांवरचे इंजिनिअर, भारतातून भरती झालेले गणित-विज्ञानाचे शिक्षक. डॅलस-ह्यूस्टनच्या उपनगरांतल्या शाळांबद्दल भरपूर लिहून झालंय, पण तो सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही. तिथे एकेका इयत्तेत सात-आठशे मुलं, इथे चारही इयत्ता मिळून शंभराच्या आत. काउन्सेलर (मुलांचे विषय, क्रेडिट, कॉलेजचे अर्ज पाहणारी सल्लागार) एकच, आणि परीक्षांचं कामही तिच्याकडेच. फिजिक्सला शिक्षक असेलच असं नाही. उलट बँड, नाटक, टेनिस, वादविवाद, जे काही शाळेत आहे त्यात तुमच्या मुलाला जागा हमखास मिळते.

माझं म्हणणं एवढंच: अशा शाळेत जे नाही तेही बरंचसं मिळू शकतं, पण मागावं लागतं. लेखी मागावं लागतं आणि पहिल्या महिन्यात मागावं लागतं. म्हणून हा धागा. ज्यांना नियम नीट ठाऊक आहेत त्यांनी लिहा, म्हणजे नव्याने येणाऱ्यांना एका जागी सापडेल.

सुरुवात प्रवेशापासून. जन्मदाखला किंवा पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा (वीजबिल किंवा भाडेकरार), आधीच्या शाळेची गुणपत्रकं आणि लसीकरणाचा तक्ता. सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी प्रवेश अडत नाही, शाळा स्वतःचा क्रमांक देते. व्हिसा कुठला हे शाळा विचारत नाही. १९८२ चा प्लायलर विरुद्ध डो हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल टेक्सासमधल्याच टायलर गावच्या शाळांवरून लागला होता.

खरी अडचण येते ती लसींची. आपल्याकडे बीसीजी आणि पोलिओ चोख झालेलं असतं, पण इथे बीसीजी मोजतच नाहीत. बहुतेकांच्या तक्त्यात कांजिण्यांचे दोन डोस, हिपॅटायटिस ए चे दोन आणि मेनिंजायटिसची लस नसते. या तिन्ही भारतात खाजगी डॉक्टरांकडे मिळतात, निघण्याआधी घेऊन टाका. गोवर-गालगुंड-रुबेलाचे दोन डोस पहिल्या वाढदिवसानंतरचे लागतात. नवव्या महिन्यातला गोवराचा डोस धरला जात नाही. तारखा दिवस-महिना-वर्ष अशा लिहिलेल्या असतील तर महिना अक्षरी लिहून आणा. ०५/०८ चा मे होतो आणि मग सगळा हिशेब चुकतो.

रेवती_प

प्रवेश अर्जासोबत घरची भाषा विचारणारा एक कागद असतो. त्यावर 'मराठी' लिहिलं की मुलाची इंग्रजीची चाचणी होते. म्हणून काही जण 'इंग्रजी' लिहायला सांगतात. तसं करू नका, खरं तेच लिहा. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना ती चाचणी जड जात नाही, आणि जड गेलीच तर मदत हक्काने मिळते.

आता क्रेडिटबद्दल, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. वर्षभराच्या विषयाला एक क्रेडिट, एका सत्राच्या विषयाला अर्धं. हायस्कूलच्या पदवीसाठी किमान २२ लागतात आणि एंडॉर्समेंट (एखाद्या विषयगटाचा विशेष अभ्यास) धरून २६. विद्यापीठाचा विचार असेल तर २६ च लक्ष्य ठेवा. चार वर्षं गणित (त्यात अल्जिब्रा टू हवंच), चार वर्षं विज्ञान आणि एक एंडॉर्समेंट, यातून 'डिस्टिंग्विश्ड' दर्जा मिळतो. तो का महत्त्वाचा हे रँकवर लिहिणारे सांगतीलच.

निशिगंध

एसएससी बोर्डाची दहावी झाली असेल तर अकरावीत घेतात का? की पुन्हा नववीपासून सुरू? आणि ७८ टक्के इथे कमी धरतात का?

रेवती_प

निशिगंध, इयत्ता बहुतेक ठिकाणी क्रेडिटवर ठरते, वयावर नाही. नववी-दहावीची बारा-तेरा क्रेडिट मान्य झाली तर अकरावी. सहाच मान्य झाली तर मुलगा कागदोपत्री दहावीत बसतो. म्हणून विषयांची जोडणी आपणच करून न्यायची. काउन्सेलरने महाराष्ट्र बोर्डाची गुणपत्रिका कधी पाहिलेली नसते, त्यात तिचा दोष नाही.

गणित भाग १ म्हणजे बीजगणित, ते अल्जिब्रा वनसाठी मागा. भाग २ भूमिती, ते जॉमेट्रीसाठी. मराठी आणि हिंदीचे गुण परभाषेच्या दोन क्रेडिटसाठी मागा. नाहीतर छोट्या शाळेत एकच पर्याय उरतो, दोन वर्षं स्पॅनिश, आणि वेळापत्रकातले दोन तास तिथे जातात. भूगोल आणि इतिहास हे वर्ल्ड जॉग्रफी, वर्ल्ड हिस्ट्रीला जुळतात. अडतं विज्ञान. आपलं जीवशास्त्र विज्ञानाच्या दोन पुस्तकांत विखुरलेलं, आणि इथे बायॉलॉजी हा वर्षभराचा स्वतंत्र विषय. दोन्ही वर्षांच्या अनुक्रमणिकांच्या छायाप्रती आणि मुख्याध्यापकांचं सही-शिक्क्याचं पत्र जोडा. विषय, आठवड्याचे तास आणि उत्तीर्ण होण्याची मर्यादा ३५, एवढं त्यात हवं.

तो ३५ चा उल्लेख विसरू नका. इथे उत्तीर्णतेला ७० लागतात. पत्र नसेल तर ६८ गुण मिळवलेला मुलगा नापास दिसतो आणि ७८ वाला काठावर पास. बाहेरून आलेली क्रेडिट आकड्याशिवाय, नुसतं 'पास' म्हणून नोंदवता येतील का, हेही विचारा. काही डिस्ट्रिक्ट (गावच्या शाळांचा कारभार पाहणाऱ्या संस्था) तसं करतात, आणि मग जुने गुण इथल्या सरासरीत येत नाहीत.

शाळेने एखादं क्रेडिट नाकारलं तर क्रेडिट बाय एक्झाम आहे. विषय आधी शिकलेला असेल तर ७० टक्के, न शिकता थेट बसलात तर ८०. टेक्सास टेक आणि यूटी (युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास) या दोन्ही विद्यापीठांच्या परीक्षा चालतात.

राज्याच्या पाच एंड-ऑफ-कोर्स (विषय संपल्यावर द्यायच्या) परीक्षांचं: इंग्लिश वन, इंग्लिश टू, अल्जिब्रा वन, बायॉलॉजी, यूएस हिस्टरी. टेक्सासमध्ये येण्याआधी ज्या विषयाचं क्रेडिट मिळालं, त्याची परीक्षा द्यावी लागत नाही. म्हणूनही ती जोडणी मोलाची. यूएस हिस्टरी मात्र इथेच शिकायची आणि इथेच परीक्षा.

आनंद_अबिलीन

रँकचं लिहितो. १९९७ च्या कायद्याने टेक्सासमधल्या शाळेत वर्गातल्या वरच्या दहा टक्क्यांत असलेल्या मुलांना राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांत आपोआप प्रवेश मिळतो. ऑस्टिनच्या यूटीला मात्र मर्यादा घालायची मुभा आहे. तिथे आधी सहा टक्के होते, २०२६ च्या फॉल प्रवेशापासून पाच. अट अशी की वर रेवतीताईंनी सांगितलेला 'डिस्टिंग्विश्ड' दर्जा हवा. अल्जिब्रा टू सोडून पहिला नंबर काढला तरी हा दरवाजा बंद.

तीस मुलांच्या वर्गात वरचे दहा टक्के म्हणजे तीन मुलं. इथे दुसऱ्या आणि चौथ्या क्रमांकातलं अंतर दशांश चिन्हानंतरच्या तिसऱ्या आकड्यावर ठरू शकतं. त्यामुळे सरासरी कशी काढतात हे नववीतच वाचून ठेवा. प्रत्येक डिस्ट्रिक्टचं धोरण संकेतस्थळावर असतं, त्यात 'ईआयसी लोकल' नावाचं कलम शोधा. पाहायच्या गोष्टी: ड्युअल क्रेडिटला (हायस्कुलात असतानाच घेतलेल्या कॉलेजच्या विषयांना) किती जादा गुण धरतात, ॲथलेटिक्स आणि बँड रँकमध्ये मोजतात का, आठवीत घेतलेला अल्जिब्रा वन धरतात का, बाहेरच्या शाळेची क्रेडिट कशी धरतात, आणि व्हॅलेडिक्टोरियन (वर्गात पहिला) होण्यासाठी त्याच शाळेत किती सत्रं सलग काढावी लागतात. हे शेवटचं कलम फार जणांना बारावीच्या मे महिन्यात कळतं. तोवर उशीर झालेला असतो.

पहिल्या क्रमांकाला नुसता मान नाही. मान्यताप्राप्त हायस्कूलच्या पहिल्या आलेल्या मुलाला राज्याच्या सार्वजनिक कॉलेजात पहिल्या दोन नियमित सत्रांची शिकवणी फी माफ होते. अठरा मुलांच्या वर्गालाही हे लागू आहे आणि अठराशेंच्याही.

एक मर्यादा लक्षात घ्या. आपोआप मिळतो तो विद्यापीठातला प्रवेश. कॉम्प्युटर सायन्स, इंजिनिअरिंग, बिझनेस यांच्या जागा वेगळ्या निकषांवर भरतात. तिथे तुमच्या शाळेत कॅल्क्युलस होतं की नाही यापेक्षा, नव्हतं तेव्हा मुलाने काय केलं हे पाहतात.

मेघना जोशी

यावर माझं स्पष्ट मत: छोट्या शाळेत एपीच्या (कॉलेज पातळीचे विषय, त्यांची देशभर एकच परीक्षा) मागे लागू नका. शिक्षक नाही, वर्ग भरत नाही, आणि अट्टहासाने ऑनलाइन घेतलेलं एपी फिजिक्स प्रयोगशाळेविना अर्धवट राहतं. जवळच्या कम्युनिटी कॉलेजचं ड्युअल क्रेडिट घ्या. टेक्सासच्या सार्वजनिक विद्यापीठांत ४२ क्रेडिट-तासांचा गाभा अभ्यासक्रम सगळीकडे मान्य होतो. इंग्लिश १३०१-१३०२, हिस्टरी १३०१-१३०२, गव्हर्नमेंट २३०५-२३०६, कॉलेज अल्जिब्रा, एवढं अकरावी-बारावीत आरामात बसतं.

ड्युअल क्रेडिटच्या प्रवेशाला टीएसआय (कॉलेजची तयारी तपासणारी राज्याची) चाचणी लागते: गणितात ९५०, इंग्रजीत ९४५ आणि निबंधाला ५. एसएटीत गणिताला ५३० आणि वाचन-लेखनाला ४८० असतील तर ती लागत नाही. दहावीच्या वसंतातच उरकून घ्या, कारण अकरावीच्या ऑगस्टमध्ये चाचणीसाठी रांग लागते.

आनंद_अबिलीन

मेघना, राज्यातच शिकायचं असेल तर पूर्ण सहमत. पण दोन गोष्टी जोडतो. ड्युअल क्रेडिटचा ग्रेड हा कॉलेजचा कायमचा ग्रेड असतो. सोळाव्या वर्षी पडलेला 'डी' पुढे प्रत्येक अर्जावर दाखवावा लागतो. आणि राज्याबाहेरची बरीच खाजगी विद्यापीठं ही क्रेडिट धरत नाहीत. मेडिकलकडे जाणाऱ्यांनी तर बायॉलॉजी आणि केमिस्ट्री हायस्कुलात असताना कॉलेजच्या नावावर उरकू नये, ती विद्यापीठातच करावी.

एपीची परीक्षा शाळेत वर्ग नसतानाही देता येते. परीक्षा मे महिन्यात असते, पण मागणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत नोंदवावी लागते. तुमची शाळा घेत नसेल तर शेजारच्या मोठ्या गावातल्या एपी कोऑर्डिनेटरला सप्टेंबरातच ईमेल करा. मार्चमध्ये फोन केला तर नकारच येणार.

मेघना जोशी

कॅल्क्युलससाठी तो मार्ग मलाही पटतो. फिजिक्सचं मात्र काउन्सेलरशी आधी बोला. स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान-अभियांत्रिकी-गणित) एंडॉर्समेंटला केमिस्ट्री आणि फिजिक्स दोन्ही लागतात, आणि छोट्या डिस्ट्रिक्टला सगळ्या एंडॉर्समेंट द्यायची सक्ती नाही. एकच देणार असतील तर ती मल्टिडिसिप्लिनरी (अनेक विषयांची मिळून) असते. तीही 'डिस्टिंग्विश्ड' साठी चालते.

सुहास देव

भारतवारीबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. डिसेंबरात दोन आठवडे सुट्टी, तिला जोडून जानेवारीचे तीन आठवडे, असा बेत आपल्यात सर्रास असतो. हायस्कुलात तो महाग पडतो.

नियम असा: विषयाच्या ९० टक्के तासांना हजेरी नसेल तर पास होऊनही क्रेडिट मिळत नाही. ७५ ते ९० च्या मध्ये असाल तर मुख्याध्यापकांनी आखून दिलेलं काम पूर्ण करून ते परत मिळवता येतं. त्याखाली गेलात तर हजेरी समितीपुढे अर्ज. शिवाय विनापरवानगी गैरहजेरी सहा महिन्यांत दहा दिवसांवर गेली की प्रकरण ट्रुअन्सी (शाळा बुडवण्याच्या) कोर्टात जाऊ शकतं. एका सत्रात साधारण नव्वद दिवस धरा, म्हणजे नऊ दिवसांपलीकडे गेलं की क्रेडिट धोक्यात. जानेवारीत नवं सत्र लागतं, त्यामुळे तिथले तीन आठवडे सरळ त्या सत्राच्या नव्वदातून वजा होतात.

शाळा यात एवढी काटेकोर का, हेही समजून घ्या. राज्याचा निधी पटावर नाही, रोजच्या सरासरी हजेरीवर मिळतो. ठरलेल्या तासाला हजेरी घेतात आणि त्यावर पैसे. ऐंशी मुलांच्या शाळेत एक मूल महिनाभर नसणं अंदाजपत्रकात दिसतं.

दिवाळीचं वेगळं. धार्मिक सणाची गैरहजेरी राज्याच्या कायद्याप्रमाणे माफ करावीच लागते. त्या सणासाठी प्रवास असेल तर जायला एक आणि यायला एक दिवस धरून. अशा दिवशी मूल हजर धरलं जातं, त्यामुळे शाळेचाही तोटा नाही. आठवडाभर आधी पालकांच्या सहीची चिठ्ठी द्या: सणाचं नाव, तारीख, प्रवासाचे दिवस. गणपतीलाही हेच. पहिल्या वर्षी कारकून बाईंना ठाऊक नसेल तर राज्याच्या शिक्षण कायद्याचं कलम २५.०८७ नम्रपणे दाखवा.

आणखी एक, बरीच ग्रामीण डिस्ट्रिक्ट आता चार दिवसांचा आठवडा चालवतात. कायदा दिवस मोजत नाही, वर्षाची ७५,६०० मिनिटं मोजतो. शुक्रवार किंवा सोमवार सुट्टी असेल तर दंतवैद्य, व्हिसाची कामं, लबक शहरातली खरेदी त्या दिवशी ठेवा.

स्मिता_क

शाकाहारी मुलांच्या जेवणाचं काय?

उज्ज्वला_मिडलंड

स्मिता, शाळेच्या जेवणात पाच घटक असतात: मांस किंवा पर्यायी प्रथिन, धान्य, फळ, भाजी, दूध. मुलाने त्यातले तीन घेतले तरी ते पूर्ण जेवण धरतात, मात्र त्यात अर्धा कप फळ किंवा भाजी हवी. त्यामुळे मांसाला 'नको' म्हणायचा हक्क मुलाला आहे. ट्रे घेऊन फळ, भाजी, पाव, दूध घेता येतं. पण केवळ आवड किंवा धर्म म्हणून वेगळा पदार्थ द्यायला स्वयंपाकघर बांधील नाही. ती सक्ती अपंगत्व किंवा वैद्यकीय कारणासाठीच, डॉक्टरांच्या पत्रावर.

व्यवहारात तिथल्या बायका मदतीला तयार असतात, संख्याच लहान आहे. महिन्याचा मेनू आधी मिळतो. तो घेऊन बसा आणि विचारा: फरसबीत बेकन घालता का, रिफ्राइड बीन्समध्ये चरबी आहे का, भात कोंबडीच्या पाण्यात शिजतो का? या तीन ठिकाणीच फसगत होते. चीज पिझ्झा, पीनट बटर सँडविच, दही हे पर्यायी प्रथिनांतच मोडतं, ते ठेवायला सांगता येतं.

डब्याला काही आडकाठी नसते. जेवणाची सुट्टी साधारण अर्ध्या तासाची आणि मायक्रोवेव्हपुढे रांग, तेव्हा गार खाता येईल असं द्या: दशम्या, पराठा, दडपे पोहे, इडली. शेंगदाण्याची चटणी किंवा कूट घालण्याआधी शाळेच्या नर्सला विचारा. वर्गात कुणाला ॲलर्जी असेल तर त्या टेबलावर ते चालत नाही.

खंडेराव

एफएफए म्हणजे शेती शिक्षणाची संघटना, १९२८ साली कॅन्सस सिटीत सुरू झालेली. छोट्या गावात शाळेचा कणा तीच. निळं कॉर्डरॉयचं जाकीट घातलेली मुलं दिसतात ती हीच. आपल्या मुलांनी यात जरूर जावं. ॲगचा (शेती विषयाचा) शिक्षक बहुधा शाळेतला सगळ्यात कामाचा माणूस असतो आणि शिष्यवृत्त्यांची वाट त्याला ठाऊक असते.

एक गोष्ट घरात आधी बोलून घ्या. स्टॉक शोसाठी (जनावरांच्या प्रदर्शनासाठी) वाढवलेला बोकड, डुक्कर किंवा स्टिअर (खच्ची केलेला गोऱ्हा) हा प्रदर्शनानंतर कत्तलीला जातो. बहुतेक मोठी प्रदर्शनं तशीच ठरलेली असतात. मुलाने सहा महिने रोज पहाटे चारा घातलेला असतो, नाव ठेवलेलं असतं. ज्या घरात हे पेलणार नाही तिथे दुसरे मार्ग आहेत: माती परीक्षणाचा संघ, कुरणातल्या गवतांची ओळख, भाषण स्पर्धा, संशोधन प्रकल्प, किंवा वर्कशॉपमध्ये ट्रेलर बांधणं.

वर्कशॉपला जाताना पॉलिएस्टरचा शर्ट घालू देऊ नका. वेल्डिंगची ठिणगी त्याला वितळवून कातडीला चिकटवते. जाड सुती शर्ट, लांब जीन्स, घोट्यावर येणारे चामडी बूट, आणि जीन्सचा काठ बुटाच्या बाहेर, आत खोचलेला नाही. आत खोचला की ठिणगी थेट बुटात उतरते. चष्म्यावर झेड-८७ असा छाप हवा.

आदित्य_स

आणि (अमेरिकन) फुटबॉल? कोच प्रत्येक मुलाला विचारतात म्हणे.

खंडेराव

विचारतात, कारण संघच पुरा होत नाही. १०४.९ पेक्षा जास्त पट नसलेल्या शाळा सहा जणांचा फुटबॉल खेळू शकतात. १९३४ मध्ये नेब्रास्कात निघालेला हा प्रकार. मैदान ८० बाय ४० यार्ड, फर्स्ट डाऊनला (चेंडू आपल्याकडे राखायला) दहाऐवजी पंधरा यार्ड, फील्ड गोलला (चेंडू लाथेने खांबांमधून मारला की) चार गुण, आणि मध्यंतरापासून पुढे कधीही ४५ गुणांचा फरक पडला की सामना तिथेच संपतो. रिचलंड स्प्रिंग्ज, स्ट्रॉन या गावांची नावं टेक्सासभर माहीत आहेत ती यामुळे. आपल्या मुलाला नको असेल तर 'नाही' म्हणा, कोणी वाईट मानत नाही. क्रॉस कंट्री, टेनिस, ट्रॅक आहेतच. खेळणार असेल तर डोक्याच्या माराचा कागद वाचून सही करा. २०११ च्या कायद्याने तसा मार लागलेल्या मुलाला डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय परत मैदानात उतरवता येत नाही. कोच किंवा मुलगा कितीही म्हणो. शिवाय कुठलाही विषय ७० च्या खाली गेला की खेळ बंद. 'नो पास, नो प्ले' हा १९८४ पासूनचा नियम आहे.

शुक्रवारी रात्री सामन्याला मात्र जाच. कन्सेशन स्टँडवर (खाण्याच्या टपरीवर) एक पाळी घ्या. गावातले सगळे तिथेच भेटतात, आणि काउन्सेलरही तिथेच नाचोवर चीज ओतत असते.

उज्ज्वला_मिडलंड

होमकमिंगच्या (माजी विद्यार्थ्यांच्या स्वागताच्या उत्सवाच्या) आठवड्यात 'मम' लागतो, तोही सांगून ठेवते. कापडी शेवंतीचं मोठं फूल, पुठ्ठ्याच्या पाठीवर बसवलेलं, खाली शाळेच्या रंगाच्या गुडघ्यापर्यंत रिबिनी, त्यांवर चमकीची नावं आणि बारीक घंट्या. मुली छातीवर लावतात, मुलगे दंडाला छोटा गार्टर बांधतात. विकत महाग पडतो. क्राफ्टच्या दुकानात ऑगस्टमध्येच सामान येतं, घरी एका दुपारी होतो. वजन पिनेला पेलत नाही, मागून गळ्यात अडकवायची रिबीन शिवा.

लबककर

मला यूआयएलच्या (टेक्सासमधल्या शाळांच्या स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेच्या) नंबर सेन्स स्पर्धेबद्दल आवर्जून सांगायचंय, कारण पाढे पाठ असलेल्या मुलांना ती फार साधते. १० मिनिटांत ८० गणितं, सगळी मनातल्या मनात सोडवायची. कच्चं काम नाही, खोडायचं नाही, आकड्यावर आकडा गिरवायचा नाही. बरोबरला ५ गुण, चुकलेल्या किंवा मध्येच सोडलेल्या प्रत्येकाला ४ वजा, शेवटी हात घातलेल्या गणितापर्यंत. म्हणून पुढचं सोपं दिसलं तरी उडी मारायची नाही. दर दहावं गणित अंदाजाचं असतं, उत्तर पाच टक्क्यांच्या आत आलं तरी चालतं. शाळेत संघ नसेल तर गणिताच्या शिक्षकांना विचारा, एक मूलही जिल्हा स्पर्धेत उतरू शकतं. राज्य पातळीवर पोचलेल्यांना टीआयएलएफच्या (यूआयएलशी जोडलेल्या शिष्यवृत्ती संस्थेच्या) शिष्यवृत्त्यांसाठी अर्ज करता येतो.

प्रसाद_नाशिक

भारतातून पुतण्याला काकांकडे ठेवून अशा शाळेत चार वर्षं शिकवता येईल का?

सुहास देव

नाही. एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर पब्लिक हायस्कुलात एकूण १२ महिनेच शिकता येतं, आणि शाळेला दर मुलामागे येणारा सगळा खर्च आधी भरावा लागतो. त्यासाठी डिस्ट्रिक्टकडे आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा शाळेचा कागद) द्यायची मान्यता हवी, ती लहान डिस्ट्रिक्टकडे सहसा नसते. पर्यटक व्हिसावर शाळा नाहीच. आईवडिलांसोबत एच-४ किंवा जे-२ (त्यांच्या व्हिसावर अवलंबून असलेला मुलांचा व्हिसा) वर आलेल्या मुलांना ही अडचण नाही.

निशिगंध

एच-४ च्या मुलांना बारावीत फाफ्सा (कॉलेजसाठी केंद्र सरकारच्या आर्थिक मदतीचा अर्ज) भरायची सक्ती आहे असं शाळेने कळवलंय. पण ते तर पात्रच नाहीत ना?

आनंद_अबिलीन

पात्र नाहीत, बरोबर. फाफ्सा ही टेक्सासमध्ये पदवीची अट आहे, पण पालकांनी सही केलेला ऑप्ट-आउट फॉर्म दिला की ती पूर्ण होते. तो काउन्सेलरकडे मिळतो, कारण लिहावं लागत नाही. राज्यातल्या विद्यार्थ्याची फी लागण्याचा प्रश्न वेगळा आहे. पालक टेक्सासमध्ये १२ महिने स्थायिक असतील तर एच-४ ची मुलं त्यासाठी अर्ज करू शकतात. भाडेकरार, पगाराच्या पावत्या, वाहन परवाना हे सगळं एकाच पत्त्यावरचं असू द्या. आणि अठराव्या वर्षी नाही तर सोळाव्याच वर्षी वकिलाकडून विचारून घ्या की २१ पूर्ण झाल्यावर एच-४ संपेल तेव्हा कुठला मार्ग उरतो. कॉलेजचं तिसरं-चौथं वर्ष नेमकं तेव्हा येतं.